हात न लावता सांभाळायचं मांजर

मांजर कसं पाळावं याची माहिती नेटवर ढिगाने मिळते. कोणतं खाणं द्यावं, कुठली वाळू आणावी, पर्शियन मांजराचे केस कसे विंचरावेत, सगळं आहे. ज्यांना मांजर आवडतच नाही त्यांचा प्रश्न त्याहून सोपा, त्यांना माहितीच नको असते. पण या दोघांच्या मधे एक तिसरी जमात आहे, आणि माझ्या मते आपल्या गावांमध्ये तीच सगळ्यात मोठी असावी. यांच्या घराभोवती एक मांजर असतं. ते यांनी आणलेलं नसतं, घरात झोपत नाही, मांडीवर बसत नाही, हात पुढे केला तर फिस्कारतं. पण रोज ठरल्या वेळी मागच्या दाराशी हजर असतं आणि त्याला रोज काहीतरी घातलं जातं. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आमचं नाही हो, असंच येतं."

हे "असंच येतं"वालं मांजर म्हातारं झालं की काय करायचं, हा आजचा विषय. (हो, वीकएंडला माणसं लोणावळ्याला जातात. माहीत आहे मला.)

आमचं गाव विसरवाडी. धुळ्याहून सुरतेकडे जाणारा हायवे (जुना एनएच ६, आता त्याला ५३ म्हणतात) नवापूरला पोचायच्या वीसेक किलोमीटर आधी आमच्या गावातून जातो, आणि नंदुरबारचा रस्ता तिथूनच फुटतो. १९९८ पर्यंत आम्ही धुळे जिल्ह्यात होतो, मग नंदुरबार जिल्हा झाला. आई आणि नाना तिथेच राहतात, मी पुण्यात. घराच्या मागच्या पडवीत सरपण रचलेलं असतं, आणि मी पहिल्या नोकरीला लागलो त्या पावसाळ्यात त्या सरपणात जन्मलेली एक राखाडी भाटी (म्हणजे मांजरी, बोका नव्हे) आजही तिथेच आहे. भुरी. वय बारा-तेरा. माणसाच्या हिशोबात मांडायचं तर पहिल्या दोन वर्षांची चोवीस आणि पुढच्या प्रत्येक वर्षाची चार धरतात. म्हणजे बाई पासष्टीच्या घरात आहेत. एवढ्या वर्षांत तिला कोणी हात लावलेला नाही. आईनेही नाही, आणि तिचं जेवण तर आईच्याच हातचं.

गेल्या वर्षभरात फोनवर तिच्या बातम्या वाढल्यात. भिंतीवर चढत नाही, पायरीवर बसते. खाताना मान वाकडी करते. अंगावरचे केस चिकटल्यासारखे दिसतात. आई शेवटी म्हणते, "जाऊ दे, म्हातारी झाली ती." माझा सगळा वाद या "जाऊ दे"शी आहे. आईशी नाही. आई तर रोज तिला घालतेच आहे. वाद आपल्या सगळ्यांच्या त्या समजुतीशी आहे, की जे मांजर पाळलं नाही त्याच्या म्हातारपणाचं देणं आपल्यावर नाही.

मला विचाराल तर देणं आहे, आणि ते पाळलं की नाही यावर अवलंबून नाही. बारा वर्षं रोज संध्याकाळी खायला घातलं, त्या भरवशावर एका जनावराने आपला मुक्काम ठरवला. दुसरीकडे गेलं नाही, दुसरं घर धरलं नाही. शिवाय फुकट खाल्लं असंही नाही. आमच्याकडे घरात धान्य असतं, तूर असते (नवापूरच्या तूरडाळीला जीआय मानांकन आहे, उंदरांनाही त्याची कल्पना असावी). इतकी वर्षं पोती शाबूत राहिली ती कुणामुळे? आमच्या धंद्यात अशी एक भानगड प्रत्येक कंपनीत असते. एखादी जुनी सिस्टीम कुणी लिहिली आठवत नाही, कुणाच्या नावावर नाही, डॉक्युमेंट नाही, पण रोज रात्री चालते आणि सगळे तिच्यावर विसंबून असतात. बंद पडायला लागली की प्रत्येक जण म्हणतो, "ती आमच्या टीमची नाही." भुरीचं तसं होऊ नये, इतकंच.

आता "सांभाळायचं" म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पहिलं चित्र येतं ते उचलून घरात आणण्याचं. इथेच पहिली अडचण. मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागते ती जन्मानंतरच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या काळात माणसाचा हात लागला नाही, तर मोठेपणी ते मांजर माणसाला अन्न देणारा पण धोकादायक प्राणी समजतं. इंग्रजीत अशा मांजराला फेरल म्हणतात. ते वाईट वागवलं गेलेलं नसतं, रागावलेलं नसतं, "प्रेमाने माणसाळेल" असंही सहसा होत नाही. हात लावणं हे त्याच्या लेखी पकडलं जाणंच असतं. म्हणून त्याची सेवा करायची तर हात न लावता. ऐकायला विचित्र वाटतं, पण तसं बरंच काही करता येतं.

(एक इशारा. आमच्याकडे डोंगर आणि रान जवळ आहे, तिथे खरं रानमांजरही असतं. लांब पाय, कानाच्या टोकाला छोटी शेंडी, आखूड शेपटी आणि तिच्या टोकाला काळी वळी. ते मांजर वेगळ्या जातीचं आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे. त्याला खाऊ घालून सवय लावू नका आणि त्याची पिल्लं सापडली म्हणून उचलून आणू नका.)

पहिली गोष्ट, दुखणं ओळखणं. मांजर दुखणं लपवतं. ते जसं शिकारी आहे तसं कुत्र्या-कोल्ह्यांची शिकारही आहे, आणि लंगडणारी शिकार आधी मरते. त्यामुळे ते ओरडत नाही, फक्त सवयी बदलतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्सरे तपासले होते, त्यातल्या नव्वद मांजरांच्या सांध्यांमध्ये झीज दिसली. म्हणजे भिंत सोडून पायरीवर बसणारं मांजर आळशी झालेलं नसतं, बहुधा त्याचे सांधे दुखत असतात. मान वाकडी करून खाणं म्हणजे दात किंवा हिरड्या. केस चिकटलेले, कारण मागे वळून अंग चाटणं जमत नाही. पाणी अचानक जास्त प्यायला लागलं आणि वजन उतरलं, तर म्हाताऱ्या मांजरांमध्ये पहिला संशय किडनीचा. यातलं एकही लक्षण कळायला मांजर हातात घ्यावं लागत नाही. पायरीवर बसलेल्या माणसाला ते दिसतं. नानांना मी एवढंच सांगितलं, की जुन्या डायरीत रोज एक ओळ लिहा. आली की नाही, किती खाल्लं, कुठे बसली. डॉक्टरला फोन लावायची वेळ आली की त्या ओळी एखाद्या रिपोर्टइतक्या कामाला येतात.

दुसरी गोष्ट, जागा. म्हाताऱ्या मांजराला सगळं खाली आणि जवळ लागतं. बसायची जागा उंचावर असेल तर मधे एक पाटा किंवा वीट ठेवा. नंदुरबार जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, त्यामुळे दोन्हींची सोय हवी. हिवाळ्यात जाड पुठ्ठ्याचं किंवा थर्मोकोलचं खोकं, आत पोत्याचं तरट, तोंड भिंतीकडे, बाहेर पडायला दोन वाटा. (एकच वाट असलेल्या खोक्यात असं मांजर सहसा शिरत नाही. बाहेरून कुणी अडवलं तर काय, हा त्याचा हिशोब.) उन्हाळ्यात मातीच्या पसरट भांड्यात पाणी, दोन ठिकाणी, खाण्यापासून लांब. किडनी थकलेल्या मांजराला पाण्यासाठी चालावं लागणं ही शिक्षा आहे.

तिसरी गोष्ट खाणं, आणि इथे आपल्या बऱ्याच परंपरा मोडाव्या लागतात. दूध-पोळी हे मांजराचं अन्न नाही. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं. आणि मांजर हे पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच मिळावा लागतो. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं की टॉरिन कमी पडल्याने मांजरांचं हृदय निकामी होतं, आणि त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या तयार खाण्यात ते वाढवलं. तरुणपणी भुरी दूध-पोळीवर उंदरांची भर घालून हा हिशोब स्वतःच जुळवत होती. आता तिला उंदीर सापडत नाहीत. म्हणजे म्हातारपणी दूध-पोळी तेवढीच राहिली आणि टॉरिन मात्र गेलं. आतलं गणित बदललं आणि वरून काहीच दिसत नाही, अशी ही गोष्ट आहे. कुत्र्याचं खाणंही चालत नाही, त्यात मांजराच्या गरजेइतकं टॉरिन असेलच असं नाही.

मग लोक म्हणतात, चिकनच्या दुकानातून उरलेली आतडी, माना आणतो. फुकट मिळतात, मांजर तुटून पडतं. थांबा. नवापूर हे नाव देशभर माहीत झालं ते फेब्रुवारी २००६ मध्ये. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तिथेच निघाला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. त्याच महिन्यात जर्मनीच्या र्‍यूगेन बेटावर एक मांजर मेलेलं सापडलं, त्याच एच५एन१ विषाणूने. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तोच प्रकार झाला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, एच५एन१. खाण्यातून आलेल्या कोंबडीवर संशय होता. वाघाची मावशी म्हणून आपण मांजराला चिडवतो, पण या बाबतीत नातं खरंच आहे. मांजरवर्गातल्या प्राण्यांना हा विषाणू फार वाईट भोवतो.

म्हणून साधा नियम. चिकन द्यायचंच, पण शिजवून. सत्तर अंशांच्या वर नीट शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही. शिजवताना कांदा-लसूण नको, मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. त्यामुळे खानदेशी रश्श्यातला उरलेला तुकडा हा तिच्यावरचा उपकार नाही. हाडं काढून टाका, शिजलेल्या हाडांचे अणकुचीदार तुकडे होतात. चिकन उकडलेलं, कुस्करलेलं, कोमट. वास यावा इतपत कोमट, कारण म्हातारपणी नाकही मंदावतं. आणि त्याच्या जोडीला मांजरांसाठीचं तयार ओलं खाणं. पाऊच मिळतात, कुरिअर विसरवाडीपर्यंत येतं. टॉरिनचा प्रश्न तिथे सुटतो.

चौथी गोष्ट, काय करायचं नाही. माझ्या मते जुन्या घरातलं म्हातारं मांजर दुर्लक्षाने मरतं त्याहून जास्त वेळा उपायाने मरत असेल. आपल्या प्रत्येक घरात पॅरासिटामॉल असते. मांजर लंगडतंय, कण्हतंय, घाला अर्धी गोळी दुधात. मांजराच्या यकृताला ते औषध निकामी करता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, तोंड सुजतं, हिरड्या करड्या-तपकिरी पडतात. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. दुसरं, गुरांच्या गोचिडांवर फवारायची औषधं आणि कुत्र्यांच्या पिसवांसाठीची पावडर किंवा थेंब. त्यातल्या बऱ्याच औषधांत पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात, त्यातलं पर्मेथ्रिन तर मांजराला विषच. गोठ्यात फवारणी झाली की जमीन वाळेपर्यंत मांजर तिथे लोळणार नाही एवढं बघा.

तिसरं सगळ्यात कपटी. मांजर म्हातारं झालं, उंदीर धरेना, उंदीर वाढले, घरात उंदराचं औषध आलं. ब्रोमॅडिओलोनसारखं औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. दोन-चार दिवस सुस्त होऊन फिरतो. आता सांगा, म्हाताऱ्या मांजराला कोणता उंदीर पकडता येतो? तोच. इतक्या वर्षांच्या नोकरीची ही अशी पेन्शन. त्यामुळे भुरी आहे तोवर धान्य पत्र्याच्या कोठीत आणि उंदरांसाठी पिंजरा, औषध नाही, असा करार आम्ही घरात केलाय.

पाचवी गोष्ट, डॉक्टर. आपल्याकडचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने हे मुळात गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्यासाठी उभे राहिलेत आणि ते बरोबरच आहे, शेतकऱ्याचं पोट त्यावर आहे. १९६२ हा टोल फ्री नंबर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे, तोही मुख्यतः गुरांसाठीच. मांजराचा एक्सरे, रक्ततपासणी, दातांचं ऑपरेशन म्हटलं की मोठं शहर गाठावं लागतं. धुळं आमच्यापासून शंभरेक किलोमीटर, सुरत त्याहून लांब. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून आहे. मुंबई महापालिकेने २०१९ पासून भटक्या मांजरांच्या नसबंदीचं काम हाती घेतलं. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांमध्ये कुणाच्या मालकीच्या नसलेल्या, वस्तीत राहणाऱ्या प्राण्यांचा आणि त्यांना खायला घालण्याचा विचार केलेला आहे. हे सगळं चांगलंच आहे. पण ही व्यवस्था महापालिकेच्या हद्दीपाशी विरळ व्हायला लागते आणि विसरवाडीला पोचेपर्यंत फोन नंबर तेवढा उरतो.

म्हणून अशा मांजराला डॉक्टरकडे न्यायची संधी आयुष्यात बहुधा एकदाच मिळते, असं धरून चालायचं. पकडण्यासाठी पिंजरा लागतो. आधी आठवडाभर दार बांधून उघडं ठेवायचं आणि आतच खायला द्यायचं, मग एक दिवस उपाशी ठेवून दार मोकळं करायचं, पडलं की लगेच जाड चादर टाकून अंधार करायचा. एकदा फसलं की ते मांजर त्या पिंजऱ्याजवळ फिरकणार नाही. त्यामुळे त्या एका भेटीत सगळं उरकायचं. भूल द्यायचीच आहे तर त्यातच दात, रक्त, रेबीजची लस, जंताचं औषध, आणि नसबंदी झाली नसेल तर तीही, जेवढं डॉक्टर त्या वयाला झेपेल म्हणतील तेवढं. एकच रिलीज, रोलबॅक नाही. आणि डॉक्टर म्हणाले की या वयात भूल धोक्याची, तर तेही उत्तरच आहे. मग खाण्यात मिसळता येतील तेवढीच औषधं, तीही त्यांनीच लिहून दिलेली.

इथे कुणीतरी नक्की म्हणणार, "एवढं कशाला, पुण्याला घेऊन ये ना." ऑफिसात दोघा-तिघांनी मला हे सांगितलं, अगदी मनापासून. माझं उत्तर नाही असं आहे. बारा वर्षं ज्याने आभाळाखाली काढली, ज्याचे वास, वाटा, लपायच्या जागा सगळ्या त्या पडवीभोवती आहेत, त्याला चौथ्या मजल्यावरच्या वन बीएचकेत आणलं तर ते पलंगाखाली राहील, खाणं सोडेल, आणि ताणाने जे दुखणं आहे ते वाढेल. माझा फोटो छान येईल, एवढाच फायदा. आपण आई-वडिलांनाही हेच म्हणतो, "आता तुम्ही इकडेच या." म्हणताना प्रेम असतंच, पण त्यात आपली सोयही असते, की काळजी हाताच्या अंतरावर यावी. नाना मला दोन वर्षं सांगतायत, की त्यांचं दुकान, त्यांचा रस्ता, त्यांची चार माणसं तिकडे आहेत. भुरीला बोलता आलं असतं तर तिनेही असंच काहीतरी सांगितलं असतं. काळजी करणाऱ्याने जायचं असतं. आता मी सहा आठवड्यांतून एकदा जातो, शुक्रवारी रात्रीच्या बसने, बॅगेत पाऊच आणि जंताचं औषध. (लोणावळा पुन्हा कधीतरी.)

राहिला शेवट. याविषयी आपण बोलतच नाही, म्हणून तो वाईट होतो. "मांजर मरायला लांब जातं, निसर्ग आहे तो." लांब जातं हे खरं, पण ते काही ध्यानाला बसायला जात नाही. अंगात ताकद उरली नाही की लपतं, आणि लपलेल्या जागी तहानेने, मुंग्या-कुत्र्यांच्या तावडीत दिवस काढतं. ज्याने बारा वर्षं आपल्या दारातून खाल्लं, त्याच्या शेवटच्या चार दिवसांपुरता निसर्ग आठवणं हे सोयीचं आहे. डॉक्टरकडून वेदना न होता मरण देता येतं. आपल्या घरांतून त्याला "आपल्या हाताने पाप नको" असं उत्तर येतं. त्या भावनेची टिंगल मी करणार नाही. मुंबईचा पांजरपोळ १८३४ मध्ये उभा राहिला तो जनावरांविषयीच्या अशाच भावनेतून. पण पांजरपोळ म्हणजे नुसतं न मारणं नव्हे, तिथे शेवटपर्यंत चारा-पाणी करायचं असतं. मारायचं नाही असं ठरवलं तर शेवटपर्यंत पाणी, ऊब आणि वेदनेवर औषध देणं आलं. तेही करणार नसू, तर पाप टळलं असं निदान म्हणू नये.

आणि तो दिवस ओळखायचा कसा? दोन दिवस अन्नाला तोंड नाही, तोंड उघडून श्वास, लपायचं सोडून उघड्यावर पडून राहणं. यात एक खूण आहे ती आईला समजावून सांगणं मला सगळ्यात जड गेलं. भुरी एखाद्या दिवशी स्वतःहून जवळ आली आणि तिने हात लावू दिला, तर तो आनंदाचा दिवस नाही. आयुष्यभर न माणसाळलेलं मांजर अचानक मवाळ होतं तेव्हा ते फार आजारी असतं. शिवाय अचानक मवाळ होणं किंवा अचानक चवताळणं, दोन्ही रेबीजमध्येही दिसतं. त्या दिवशी उघड्या हाताने गोंजारायचं नाही, लांबून पाणी ठेवायचं आणि डॉक्टरला फोन करायचा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायची. इतकी वर्षं आई त्या एका स्पर्शाची वाट बघत असणार. तिला हे सांगायचं म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकाल. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "मग नको येऊ दे जवळ. बसू दे तिथंच."

तर मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं घर असंच कुठेतरी दोनशे-चारशे किलोमीटरवर असेल, आणि त्या घराच्या मागच्या दाराशीही कुणीतरी "असंच येत" असेल. या वेळी फोन केलात की विचारा, अजून येतं का, किती खातं, कुठे बसतं. मग एक-दोन गोष्टी ठरवून टाका. डॉक्टरचा नंबर कुणाकडे आहे, पाऊचचे पैसे कोण देणार (तुम्ही, अर्थात), पिंजरा लागला तर कोण आणणार, आणि शेवटी निर्णय कुणाचा. हे सगळं साठी-सत्तरीच्या माणसांच्या गळ्यात एकट्याने पडू देऊ नका. ती घालतात, कारण त्यांना दारातलं भुकेलं बघवत नाही. बाकीचं आपण इथून करू शकतो.

असो. बराच पाल्हाळ झाला. आजच्या फोनवरची डायरी अशी, "सात वाजता आली. अर्धं पाऊच खाल्लं. दुसऱ्या पायरीवर." कालपर्यंत पहिल्या पायरीवर होती. :)